माझी हरकत नाही

वर्गावर जायला दोन-चार मिनिटं उशीर झाला, तर सर आत शिरत नसत. दाराशी उभे राहून सातवीतल्या वर्गप्रमुखाला विचारत, "मी आत येऊ का?" पोरं खिदळायची. एकदा एका द्वाड पोरानं "नाही" म्हणून सांगितलं. सर घंटा होईपर्यंत दाराबाहेर उभे राहिले. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन म्हणाले, "आज सातवी ब चा नागरिकशास्त्राचा तास फार चांगला झाला."

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. शाळा पाटणच्या बाजूला, कोयनेच्या खोऱ्यात. मी माण तालुक्यातली, त्या मुलखात कुणाला ओळखत नव्हते. पहिल्या दिवशी बाकीच्यांनी मला खोली मिळाली का, जेवणाचं काय, असं विचारलं. सरांनी विचारलं, "बाई, मतदार यादीत इकडे नाव लावून घेतलंत का?"

नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला लावलेला विषय. बाकीचे शिक्षक तो परीक्षेच्या आधी एका आठवड्यात उरकतात. सर वर्षभर शिकवायचे. पाचवीतल्या शेंबड्या पोरांनासुद्धा ते "आपण" म्हणत, कारण ती नागरिक होती. सहल कुठं न्यायची यावर ते मतदान घ्यायचे, स्वतःही चिठ्ठी टाकायचे आणि दरवर्षी हरायचे. मग पोरांनी निवडलेल्या वॉटर पार्कात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दिवसभर कडेला बसून राहायचे. बहुमतापुढे कुरकुर करायची नसते, हे पोरांना दिसावं म्हणून.

"कायदा म्हणजे काय?" असं ते विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "आपण सगळ्यांनी मिळून एकमेकांना दिलेला शब्द. सरकार तो फक्त सांभाळून ठेवतं."

त्यांची मुलगी बॉम्बस्फोटात गेली होती, हे मला शाळेत लागल्यावर महिन्याभरानं कळलं. मी यायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मुंबईत शिकायला होती. संध्याकाळी मैत्रिणीबरोबर बाजारात चपला घ्यायला गेली होती. ओळख पटवायला सर एकटेच गेले, आणि तिच्या वस्तू ओळखल्या म्हणून खटल्यात त्यांचं नाव साक्षीदार म्हणून लागलं. हे मला सरांनी नाही, त्यांच्या बायकोनं, काकूंनी सांगितलं, मेथी निवडता निवडता. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, "सर आधीपासूनच तसे आहेत. मुलगी गेल्यावर जरा जास्त झालं, एवढंच."

जास्त झालं म्हणजे कसं, ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं. गावच्या एसटी स्टँडवर, सिमेंटच्या बाकाखाली एक पिशवी पडली होती. सरांनी आजूबाजूला विचारलं, कुणाची ती कळेना. मग त्यांनी सगळा स्टँड मोकळा करायला लावला. कंट्रोलरच्या केबिनमध्ये जाऊन फोन लावला, स्वतः दोन्ही हात पसरून पिशवीपासून लांब उभे राहिले आणि कुणाला पुढं येऊ दिलं नाही. गाड्या बाहेर रस्त्यावर थांबल्या. साताऱ्याहून पथक यायला दुपार झाली. तेवढ्यात खोऱ्यातली एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली. ती दवाखान्यात नंबर लावायला गेली होती, तिथंच अडकून पडली होती. पिशवीत नाचणीचे पापड होते आणि नातीसाठी घेतलेला फ्रॉक.

"आवं गुर्जी, माझ्या पापडाला काय भ्यायचं?" ती म्हणाली.

सर सगळ्यांदेखत तिच्या पाया पडले. "आजी, माझं चुकलं," म्हणाले. आणि लगेच पुढं म्हणाले, "पण परत दिसली तर मी परत हेच करणार."

लोक वर्षभर ते सांगून हसत होते. मी नाही हसले.

पुढं सुरक्षेसाठी सरकारचा निधी आला. स्टँडवर कॅमेरे लागले आणि दाराशी ती चौकटीसारखी यंत्राची कमान उभी राहिली. उद्घाटनाला सरांना बोलावलं, शाल दिली, त्यांच्या हातून फीत कापली. भाषण करायला सांगितलं तर सर माइकपाशी जाऊन म्हणाले, "मला एकच विचारायचंय. या कॅमेऱ्यातलं कोण बघणार आहे?"

माणूस मंजूर झालाय, असं उत्तर मिळालं. सरांचं समाधान झालं, ते खाली येऊन बसले. माणूस आला नाही. कमान पहिल्या पावसाळ्यानंतर कुणीही गेलं तरी पिकपिक वाजायला लागली. लोक तिच्या बाजूनं जात. सर मात्र तिच्यातूनच जायचे. छत्री वाजायची, डबा वाजायचा. सर थांबायचे, तपासायला कोणी येतंय का बघायचे. कोणी आलं नाही की मग पुढं निघायचे.

दहशतवादाविरुद्धचा कायदा आणखी कडक झाला, तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आमच्यातला एक तरुण शिक्षक म्हणाला, "सर, जामीनच मिळणार नसेल तर एखादा निर्दोष माणूसही वर्षानुवर्षं आत राहील."

"निर्दोष असेल तर सुटेल," सर म्हणाले. "उशिरा सुटेल. आमची मुलगी उशिरासुद्धा येणार नाही."

त्यानं पेढा हातात घेतला आणि तसाच कागदावर ठेवून दिला.

खटला मुंबईला विशेष कोर्टात होता. सरांची साक्ष एकदाच व्हायची होती, पण ते प्रत्येक तारखेला जायचे. काकू कधीच गेल्या नाहीत. "मला तितं काय दिसनार हाय?" म्हणायच्या. पण सरांना साखरेचा आजार, मध्येच चक्कर यायची, म्हणून काकूंनी मला सोबत जायची गळ घातली. माझा भाऊ मुंबईत माथाडी कामगार, मुक्कामाची सोय त्याच्याकडे व्हायची. मला जमेल त्या तारखांना मी जायला लागले.

कोर्टात सर सरकारी वकिलांच्या मागच्या बाकावर ताठ बसायचे. सुरुवातीला मला समजावून सांगायचे, "पुकारा ऐकलात? सरकार विरुद्ध अमुक. सरकार म्हणजे कोण, बाई? आपण." बहुतेक वेळा त्या पुकाऱ्यापुढं काही होत नसे. साक्षीदार आला नाही, वकील आजारी आहेत, आरोपींना आणायला पोलिस बंदोबस्त नाही. न्यायाधीश बदलले, पुन्हा बदलले. सर निवृत्त झाले तरी साक्षी-पुरावे संपले नव्हते.

जाता-येता आम्ही सांगली-मुंबई एसटी पकडायचो. कऱ्हाडला आम्ही चढायचो तेव्हा तिच्यात एक म्हातारे गृहस्थ आधीच बसलेले असत. पांढरी टोपी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, मांडीवर फळांची पिशवी. तेच गृहस्थ कोर्टात समोरच्या बाजूला दिसले, तेव्हा सरांना कळलं की हे एका आरोपीचे वडील. सांगलीच्या बाजारात त्यांचा फळांचा गाळा होता, तिथं त्यांना सगळे चाचा म्हणत. मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. स्फोटात वापरलेला एक फोन त्या दुकानातून गेला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. मुलगा धरला गेल्यावर चाचांचं गिऱ्हाईक तुटलं, गाळा गेला, हातगाडी राहिली.

त्या दिवशी परतीच्या गाडीत सरांनी कंडक्टरकडून जागा बदलून घेतली. पुढची दोन-तीन वर्षं ते पुढं बसत आणि चाचा मागं. एकमेकांकडे बघत नसत. गाडी चहाला थांबली की एक जण उतरायचा आणि दुसरा बसून राहायचा.

मग एकदा खंबाटकीच्या घाटात गाड्यांची रांग लागली. तास गेला, दीड तास गेला. सरांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. माझ्याजवळची बिस्किटं संपली होती. मी उठून गोड काही आहे का म्हणून गाडीत विचारायला लागले, तोवर चाचा केळं सोलून घेऊन आमच्यापाशी आलेसुद्धा.

सरांनी मान फिरवली. मला म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, मी साक्षीदार आहे. आरोपीच्या वडिलांकडून मला काही घेता येणार नाही."

चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्याडम, सरांना सांगा, केळं काय आरोपी न्हाई."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी केळं घेतलं आणि खाल्लं. साल हातात धरून बराच वेळ बसले, मग म्हणाले, "बसा."

तेव्हापासून ते दोघं शेजारी बसायला लागले आणि मी मागच्या सीटवर. सरांनी पहिल्याच दिवशी अट घातली, खटल्याबद्दल बोलायचं नाही. चाचा म्हणाले, "ब्येस. दुसरं लय हाय बोलायला." सीताफळ हातात घेऊन कधी पिकेल ते कसं सांगावं, तासगावच्या द्राक्षाला यंदा गोडी का नाही, चिकू कोणत्या बाजूनं दाबावा, हे सगळं सर चाचांकडून शिकले. चाचांना सरांनी ग्रामसभा आणि वॉर्डसभा यातला फरक शिकवला, त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. अट मात्र दोघांनी शेवटपर्यंत पाळली. पुन्हा कोर्टात शिरताना एक डावीकडे जायचा, एक उजवीकडे.

मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटतं, यांच्या मुलानं केलं असेल?"

"माणूस सज्जन आहे," सर म्हणाले. "मुलगा गुन्हेगार असू शकतो. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे." मग म्हणाले, "असलाच पाहिजे, बाई. नाहीतर इतकी वर्षं का ठेवतील?"

एका तारखेला चाचा गाडीत नव्हते. त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. कोर्टात मुलाच्या वकिलानं अर्ज दिला, बापाला शेवटचं भेटायला दोन दिवस सोडावं, पोलिस पहाऱ्यात का होईना. सरकारी वकिलांनी विरोध केला. आरोप गंभीर आहेत, कायदा कडक आहे, पीडितांच्या भावनांचा विचार व्हावा, असं म्हणाले.

सर उठून उभे राहिले. मी त्यांची बाही ओढली, त्यांनी ती सोडवून घेतली.

"महोदय," ते म्हणाले, "पीडित मी आहे. माझी मुलगी गेली. माझी हरकत नाही."

पिंजऱ्यात उभ्या असलेल्या त्या मुलानं वर बघितलं. मुलगा कसला, तोवर त्याच्या कानाशी केस पिकले होते. इतक्या वर्षांत त्यानं सरांकडे पहिल्यांदा बघितलं असावं.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना बसायला सांगितलं. म्हणाले, "आपल्या भावना मला समजतात, पण आपली हरकत असण्या-नसण्याचा इथे प्रश्न नाही. ही केस सरकारची आहे." अर्जावर पुढच्या आठवड्यात निर्णय देतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात परवानगी मिळालीही. चाचा त्याच्या आदल्या दिवशी वारले. मुलाला सांगलीत आणलं तोवर माती झाली होती.

सर कोर्टात उठून बोलले, त्या दिवशी परत येताना ते खिडकीशी बसले होते. शेजारची जागा त्यांनी पिशवी ठेवून अडवली होती, माझ्यासाठी नव्हे. वाशीचा पूल ओलांडला. मग मागं वळून मला म्हणाले, "बाई, हा कायदा माझ्यासाठी केलाय ना? माझ्या रक्षणासाठी?"

"हो सर."

"मग तो माझं ऐकत का नाही?"

सर पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. पनवेलला कोणीतरी बसायला जागा मागितली, तेव्हा त्यांनी निमूटपणे पिशवी मांडीवर घेतली.

निकाल लागला तेव्हा सरांना नीट दिसत नव्हतं. सगळे निर्दोष सुटले. टीव्हीवर दिवसभर तेच. लोक म्हणाले, सर आता कोसळणार. सर कोसळले नाहीत. त्यांनी कऱ्हाडच्या एका वकिलाकडून निकाल मागवला आणि जाडं भिंग घेऊन रोज दुपारी वाचत बसले. मी गेले की मला थोडं वाचायला लावायचे. कबुलीजबाब मारहाण करून घेतले होते. एक साक्षीदार एकाच वेळी दोन ठिकाणी हजर दाखवला होता. फोन ज्या दिवशी दुकानातून गेला म्हणत होते, त्या दिवशी दुकानाला कुलूप होतं, कारण मुलाच्या बहिणीचं लग्न होतं. शेवटचं पान झालं त्या दिवशी सरांनी भिंग खाली ठेवलं.

"न्यायाधीश बरोबर आहेत," म्हणाले. "माझ्या हातात असतं तर मीही सोडलं असतं."

काकू दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंग तिला कुनी मारलं?"

सरांनी निकालाची पानं जुळवून ठेवली.

त्याच आठवड्यात गावातली पुढारी मंडळी घरी आली. निकालाविरुद्ध मोर्चा काढायचा होता, बॅनरसाठी मुलीचा फोटो हवा होता. सर म्हणाले, फोटो मिळणार नाही.

"सर, तुमच्या पोरीला न्याय मिळाया पायजे का न्हाई?"

"पाहिजे. कुणाविरुद्ध मागू?"

"सरकार वरच्या कोर्टात चाललंय. शिवाय आता नवा कायदा येतोय. ह्याच्यापेक्षा लय कडक."

"मग त्यात कुणाला धरणार आहेत?" सरांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मंडळी चहा न घेता उठली. मोर्चा सरांशिवाय निघाला, आणि त्यानंतर म्हातारा फितूर झाला, असं गावात बोललं जायला लागलं. ज्यांना त्यांनी "आपण, आपण" म्हणत शिकवलं, त्यातलेही काही बोलत होते. सरांच्या कानावर ते गेलं. ते म्हणाले, "मत आहे त्यांचं." पण बाजारात जायचे बंद झाले.

सरांना जाऊन आता वर्ष होईल. अपील अजून चालू आहे. मला मात्र ते आठवतात ते त्या वॉटर पार्काच्या कडेला नाही, की कोर्टातही नाही. एका दुपारी चाचांचा मुलगा त्यांच्या घरी आला होता, तेव्हाचे आठवतात.

मी योगायोगानं तिथंच होते. तो दाराबाहेर चपला काढून उभा राहिला आणि कुणी या म्हणेपर्यंत आत आला नाही. आत आल्यावर खुर्चीच्या कडेवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवून. तुरुंगात तशी सवय लागली असावी. चिकू आणले होते. "अब्बा जेलात मुलाखतीला आलं की तुमचंच सांगायचे," तो म्हणाला. "सर आसं म्हनले, सर तसं म्हनले. म्हटलं एकदा जाऊन यावं."

सर त्याच्या चेहऱ्याकडे अगदी जवळून बघत होते. दिसत नव्हतं म्हणूनही असेल. इकडचं तिकडचं बोलणं झालं. आई कशी आहे, दुकान पुन्हा काढणार का. दुकानाला कोण जागा देतंय, तो म्हणाला. काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

मग सर म्हणाले, "एक विचारू का? हे कोर्ट नाही. उत्तर द्यायचं बंधन नाही."

"इचारा की सर."

"ते आपण केलं होतं का?"

मला वाटलं, तो उठून जाईल. तो बसून राहिला. "न्हाई, सर," म्हणाला. मग म्हणाला, "एवढ्या वर्षांत मला हे कुनी इचारलंच न्हाई बगा. कसं केलंस, कुनासंगं केलंस, हेच. केलंस का, हे न्हाई."

सरांनी मान हलवली. "मला निकालावरून कळलंच होतं," ते म्हणाले. "तरी आपण आत आलात तेव्हा मनात आलं, आपण हो म्हणाल. हो म्हणाला असतात तरी मी कुणाला सांगितलं नसतं. आपल्याला काही बोललोही नसतो. कुणीतरी आहे, एवढं मला कळलं असतं."

तो आपल्या उघड्या हातांकडे बघत होता.

"मी बी आत बसून त्योच इचार केला, सर," तो म्हणाला. "ज्यानं केलं, त्याच्यापायी माझं आसं झालं. त्यो कोन आसंल. एकेकाचं तोंड डोळ्याफुडं आनायचो. मला बी कुनी घावलं न्हाई."

काकू उंबऱ्यातून मागं वळल्या आणि आत गेल्या. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग त्या रडायला लागल्या. इतकी वर्षं मी त्या घरात जात-येत होते, पण त्यांचं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. तोंडात पदर कोंबून रडत असाव्यात, तसा आवाज होता. बाहेर आम्ही तिघं ते ऐकत बसलो होतो. आत कुणीच गेलं नाही.